रुमालावरून स्वेटरवर: क्रोशाचे कपडे विणायला बसण्याआधी

क्रोशाची सुई आमच्या घरात माझ्याही आधीपासून आहे. आजीने विणलेल्या, कडेला मणी ओवलेल्या जाळ्या दुधाच्या पातेल्यावर असायच्या. टीव्हीवर रुमाल असायचा, आणि आईच्या रुखवतात तर अख्खं तोरण क्रोशाचं होतं. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी वहिनीच्या बाळासाठी स्वेटर विणायला घेतला तेव्हा मनात एवढंच होतं, की साखळी येते, खांब येतो, मग यात अवघड काय?

स्वेटर झाला, दिसायला देखणाही झाला. पण बाळाच्या डोक्यातून काही केल्या जाईना. बाळ रडून लाल झालं, वहिनी म्हणाली, "राहू द्या ताई, थंडीत बघू." थंडी आली तोवर बाळ आणखी वाढलं होतं. तो स्वेटर आता भाचीच्या बाहुलीला घातलाय. बाहुलीचं डोकं काढून ठेवता येतं, म्हणून बसतो.

त्यानंतर बरंच काही फसलं. ज्यांना साखळी आणि खांब येतात, रुमाल किंवा तोरण विणून झालंय आणि आता अंगात घालायचं काहीतरी विणायचंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रुमाल दोन बोटं कमीजास्त झाला तर टेबलाला काही फरक पडत नाही. कपड्याचं तसं नाही.

आधी हे सामान जमवा

- क्रोशाच्या सुया: ३.५, ४, ४.५ आणि ५ मि.मी. एकच सुई घेऊन कपडा विणायला बसू नका, का ते पुढे येईल.
- मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची लोकर किंवा सूत. काळ्या लोकरीत रात्री टाके दिसत नाहीत. केसाळ लोकर उसवता येत नाही, आणि उसवावं तर लागणारच आहे.
- शिवणाची टेप आणि एक साधी फूटपट्टी.
- टाक्यात अडकवायला मार्कर. सेफ्टी पिनाही चालतात.
- मोठ्या नेढ्याची बोथट सुई, टोकं लपवायला.
- वही आणि पेन्सिल.
- ज्याच्यासाठी विणताय त्याचा नीट बसणारा एक कपडा. ही वस्तू कुठल्याच यादीत नसते, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच आहे.

१. पहिलं काय विणायचं?

स्वेटर नाही! पहिला मफलर, मग टोपी, मग बिनबाह्यांचं जाकीट, आणि बाह्यांचं काहीही त्यानंतर. मफलरमध्ये कडा सरळ ठेवायला शिकता, टोपीत गोल वाढवायला, जाकिटात मापं जमवायला. माझ्यासारखं उलट्या बाजूने शिरलात तर तिन्ही गोष्टी एकाच कपड्यात चुकतात आणि नेमकं कुठे चुकलं तेही समजत नाही.

बाह्यांचं जाकीट लवकर हवंच असेल तर षटकोनांचं करा. मधून बाहेर वाढत जाणारे दोन मोठे षटकोन विणायचे. प्रत्येक षटकोन दुमडला की बाही आणि अर्धं अंग असा काटकोनी तुकडा होतो. ते दोन तुकडे पाठीवर जोडले की जाकीट तयार. त्यात काखेचा आकार कापावा लागत नाही, आणि षटकोन अजून एक-दोन फेऱ्या वाढवायचा का हे अंगाला लावून ठरवता येतं.

२. लोकर: दुकानातच लेबल वाचा

मी डोंबिवलीत राहते. इथे लोकरीचा स्वेटर वर्षातून फार तर आठ दिवस निघतो. मुंबई, कोकण, गोव्याकडच्यांनी कपड्यांसाठी सुती धागा घ्यावा. नाशिक, पुण्याच्या थंडीला अ‍ॅक्रिलिक ठीक आहे, स्वस्त पडतं आणि धुवायला सोपं. परदेशात बर्फात राहणाऱ्या कुणासाठी विणत असाल तर खरी लोकर घ्या, पण ती गरम पाण्यात चोळून धुतली की आटून घट्ट होते, हे घेणाऱ्याला सांगून ठेवा. रुमालाच्या बारीक सुताने मात्र कपडा विणायला घेऊ नका. मी एकदा घेतला होता. दोन महिन्यांत पाठीचा वीतभर भाग झाला.

लेबलावर तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, वजन आणि लांबी. गुंडा १०० ग्रॅमचा आहे एवढ्याने भागत नाही, त्यात किती मीटर धागा आहे ते बघा. पॅटर्नमध्ये (म्हणजे विणायच्या लिहिलेल्या कृतीत) ११०० मीटर लिहिलंय आणि तुमच्या गुंड्यात २२० मीटर आहेत, तर पाच गुंडे लागतील. तुम्ही सहा घ्या. दुसरी, 'प्लाय'. 'फोर प्लाय' म्हणजे मुळात चार पदर पिळलेले, नुसत्या त्यावरून जाडी नक्की कळत नाही. बारीक पदर चार असले तर धागा बारीकच राहणार. जाडी ताडायची तर १०० ग्रॅमला किती मीटर हे बघा: जितके मीटर कमी, तितका धागा जाड.

तिसरी, रंगाचा लॉट नंबर. रंग तोच, पण दुसऱ्या वेळी रंगवलेल्या लॉटमधला असला की छटा बदलते. माझ्या मोरपंखी जाकिटाला एक गुंडा कमी पडला. दादरला जाऊन त्याच दुकानातून तोच रंग आणला, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही गुंडे शेजारी धरून पाहिले, सारखे वाटले. घरी येऊन विणलं. सकाळी गॅलरीत उभी राहिले तर जाकिटाचे खालचे चार इंच सरळ हिरवे. म्हणून सगळे गुंडे एकाच वेळी, एकाच लॉटचे घ्या. कमी पडलेच, तर नवा गुंडा टोकाला एकदम लावू नका. एक ओळ जुन्या गुंड्याची, एक नव्याची, असं आठ-दहा ओळी करत जा. डोळ्याला चटकन दिसत नाही.

३. सुईचा नंबर

मिलिमीटर तेवढे खरे, बाकी आकड्यांच्या नादी लागू नका. अमेरिकन पॅटर्नमध्ये अक्षरं असतात, उदाहरणार्थ 'एच' म्हणजे ५ मि.मी. आजीच्या डब्यातल्या बारीक पोलादी सुयांवर जे आकडे असतात ते उलटे चालतात, आकडा मोठा तशी सुई बारीक. आकडा पुसला गेला असेल तर सुयांच्या दुकानात भोकांची पट्टी असते, तीत घालून बघा.

४. पॅटर्न अमेरिकन की ब्रिटिश?

हा खड्डा प्रत्येकाच्या वाट्याला येतो. इंग्रजी पॅटर्नमध्ये एकाच नावाचे दोन वेगळे टाके असतात. आधी आपली नावं नक्की करू: वेढा न घेता विणलेला बुटका टाका म्हणजे मुका खांब, एक वेढा घेऊन दोन दोन करत सोडवला की खांब. (आमच्या सासूबाईंची नावं निराळी आहेत, त्यामुळे नावापेक्षा कृती बघा.)

- मुका खांब: अमेरिकेत 'सिंगल क्रोशे', ब्रिटनमध्ये 'डबल क्रोशे'.
- अर्धा खांब: अमेरिकेत 'हाफ डबल', ब्रिटनमध्ये 'हाफ ट्रेबल'.
- खांब: अमेरिकेत 'डबल क्रोशे', ब्रिटनमध्ये 'ट्रेबल'.
- दोन वेढ्यांचा खांब: अमेरिकेत 'ट्रेबल', ब्रिटनमध्ये 'डबल ट्रेबल'.

मी ब्रिटिश पॅटर्नची टोपी अमेरिकन समजून विणली. मुक्या खांबाच्या जागी सगळीकडे खांब. खांब मुक्या खांबाच्या जवळजवळ दुप्पट उंच, त्यामुळे टोपी कपाळ, भुवया पार करून नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबली. नवऱ्याने ती घालून घरभर चाचपडत फिरून दाखवलं.

ओळखायची खूण सोपी आहे. पॅटर्नमध्ये कुठेही 'सिंगल क्रोशे' हे शब्द आले तर तो अमेरिकन. टाका सोडायला 'मिस' आणि टाक्यांच्या मापाला 'टेन्शन' लिहिलं असेल तर बहुतेक ब्रिटिश. अमेरिकन लोक 'स्किप' आणि 'गेज' लिहितात.

५. नमुन्याचा तुकडा (कंटाळा आला तरी करा)

आता खरा मुद्दा. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कुणाचा गच्च, कुणाचा सैल. तीच लोकर, तीच सुई आणि तेवढेच टाके घेऊन मी आणि माझी मैत्रीण शेजारी बसून विणू लागलो, तर माझा तुकडा बोटभर अरुंद होतो. रुमालात याने काही बिघडत नाही. कपड्यात काय होतं ते सांगते.

माझी छाती ९२ सें.मी. जाकीट सैल बसावं म्हणून ८ सें.मी. जास्त धरले, म्हणजे १०० सें.मी. पॅटर्नमध्ये लिहिलं होतं, १० सें.मी.त १६ टाके. म्हणजे १६० टाके. मी नमुना न करता १६० टाके घातले आणि विणत सुटले. माझा हात गच्च, माझे १० सें.मी.त १८ टाके बसत होते. १६० भागिले १८ गुणिले १० करा: ८९ सें.मी. सैल जाकीट राहिलं बाजूला, ते माझ्या अंगापेक्षाही ३ सें.मी. लहान झालं. हे मला कधी कळलं? पाठ आणि दोन्ही पुढच्या बाजू विणून, जोडून झाल्यावर. चार रविवार गेले, आणि एका संध्याकाळी सगळं उसवलं.

तेव्हा तुकडा असा करायचा:

- जी लोकर आणि जी सुई वापरणार तीच घ्या. जो टाका कपड्यात आहे तोच विणा.
- साधारण १५ सें.मी.चा चौकोन विणा. १० सें.मी.चाच विणून कडेपासून कडेपर्यंत मोजलात तर फसाल, कारण कडेचे टाके नेहमी वेडेवाकडे असतात.
- तो धुवा आणि वाळवा, कपडा जसा धुणार तसाच. सूत धुतल्यावर हमखास बदलतं.
- सपाट ठेवून मधल्या १० सें.मी.तले टाके मोजा. टेप ताणू नका, तुकडाही ताणू नका. तीन ठिकाणी मोजा. अर्धा टाका आला तर तोही लिहा. १०० सें.मी.त अर्ध्याचे पाच होतात.

टाके पॅटर्नपेक्षा जास्त आले तर जाड सुई घ्या, कमी आले तर बारीक. हात मुद्दाम सैल करायला जाऊ नका. दहा ओळींनंतर तो मूळ पदावर येतो. म्हणून चार सुया हव्यात.

सुई बदलूनही जमेना, किंवा तुकड्याचा पोत छान आलाय आणि बदलायचा नाही, तर हिशोब आपला करा. १० सें.मी.त १८ म्हणजे एका सें.मी.त १.८. तयार कपडा १०० सें.मी. हवा, तर १८० टाके. जाळीची नक्षी असेल तर ती जितक्या टाक्यांची असेल त्याच्या पटीत आकडा आणा. इतकंच गणित आहे.

आणखी एक. हाताचा ताण रोज सारखा नसतो. माझ्या दुसऱ्या जाकिटाची डावी बाजू लोकलमध्ये, बहुतेक उभ्याने किंवा चौथ्या सीटवर अर्धं बसून विणली होती आणि उजवी घरी, झोपाळ्यावर. डावी उजवीपेक्षा दोन सें.मी. अरुंद निघाली. आता मी गाडीत बाह्याच विणते, आणि दोन्ही गाडीतच.

६. मापं माणसाची आणि कपड्याची

बसणारा कपडा जमिनीवर पसरा आणि छातीची रुंदी, खांदा, काखेची खोली, बाहीचा घेर, लांबी, गळा मोजून वहीत लिहा. चित्र काढून त्यावर आकडे टाका, सोपं जातं.

दोन सुयांवरचं विणकाम रबरासारखं ताणलं जातं. क्रोशाचं त्या मानाने फारच कमी. म्हणून अंगाच्या मापाला विणू नका, छातीला ५ ते १० सें.मी. जास्त धरा. दंड विसरू नका. माझ्या एका टॉपची बाही कोपराच्या वर चढलीच नाही, कारण मी मनगट मोजलं, लांबी मोजली आणि दंड अंदाजाने धरला. टोपी मात्र उलट, डोक्याच्या घेरापेक्षा २-३ सें.मी. कमी.

लहान बाळांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ४५-४६ सें.मी. असतो, म्हणजे जवळपास छातीएवढाच. आपण गळा नाजूक, छान दिसेल असा विणतो आणि मग बाहुलीची सोय होते. सोपा उपाय: एका खांद्यावर जोड उघडा ठेवून दोन बटणं लावा, किंवा सरळ पुढून उघडणारं विणा. डोक्यावरून घालायचंच असेल, तर गळा ताणून डोक्याच्या घेरापेक्षा मोठा होतो का, ते शेवटची फेरी संपवण्याआधी टेपने बघा.

७. साखळी सैल, टाके मोजलेले

सुरुवातीची साखळी गच्च झाली की कपड्याची खालची कड चुणीसारखी ओढली जाते, आणि ती नंतर कशानेही सुटत नाही. साखळी अर्ध्या मि.मी.ने जाड सुईवर घाला, मग नेहमीची सुई घ्या.

आता कडा. माझा पहिला मफलर ४० टाक्यांवर सुरू झाला आणि २७ वर संपला. गळ्यात घातला की टाय वाटायचा. कारण एकच: ओळीचा शेवटचा टाका मला दिसतच नव्हता. खांबांच्या ओळीत वळताना आपण ३ साखळ्या घालतो आणि त्या पहिला खांब म्हणून धरतो. म्हणजे त्यांच्या बुडाशी पुन्हा खांब घालायचा नाही, नाहीतर एक टाका वाढतो. आणि परत येताना ओळीचा शेवटचा खांब त्या तिसऱ्या साखळीच्या डोक्यात घालायचा. तो राहिला की एक टाका कमी. मी दर दोन-तीन ओळींमागे तो सोडत होते. मुक्या खांबाला वळताना १ साखळी पुरते, ती टाका म्हणून सहसा धरत नाहीत. पॅटर्नच्या सुरुवातीला याबद्दल एक ओळ असते, ती वाचा.

पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात पिन अडकवा, ओळ झाली की पिन वर सरकवा. दर चार ओळींनी टाके मोजा. उसवायला लागलं तर चारच ओळी उसवाव्या लागतात, आख्खा मफलर नाही.

८. टोपी: ताटली की कढई

गोल विणताना खांब असतील तर पहिल्या फेरीत १२, मग २४, ३६, ४८, दर फेरीला १२ वाढवा. मुके खांब असतील तर ६ ने सुरुवात आणि दर फेरीला ६. कड झालरीसारखी लाटांची झाली तर वाढ जास्त होतेय. कडा वर उचलून कढई व्हायला लागली तर कमी होतेय. माझ्या पहिल्या टोपीत आप्पे करता आले असते.

वाढ कधी थांबवायची? डोक्याच्या घेरातून ३ वजा करा, ३.१४ ने भागा. डोकं ५६ असेल तर ५३ भागिले ३.१४, म्हणजे सुमारे १७ सें.मी. गोल सपाट १७ झाला की वाढ बंद, पुढे सरळ विणत जा. मोठ्या माणसाला शेंड्यापासून कडेपर्यंत २० सें.मी.च्या आसपास पुरतं.

९. टोकं, गाठी, बटणं

नवा गुंडा गाठ मारून जोडू नका. मी मारली, टोकं जवळून कापली, आणि पहिल्याच धुण्यात गाठ सुटून पाठीला रुपयाएवढं भोक पडलं. दोन्ही टोकं १५ सें.मी. ठेवा आणि बोथट सुईने टाक्यांच्या आतून एकदा इकडे, एकदा तिकडे, पुन्हा इकडे अशी ओवा. हे काम रोजच्या रोज करा. शेवटी एकदम करू म्हटलं की तो कपडा टोकांसकट वर्षभर कपाटात राहतो. माझा एक आहे.

बाळाच्या कपड्यात इथे खरंच जपा. मोज्यांच्या आणि हातमोज्यांच्या आत सुटं टोक राहिलं तर ते बाळाच्या बोटाला गुंडाळून रक्त अडू शकतं. मोजे उलटे करून बघा, बोट फिरवा. गळ्याशी लांब नाडी, लोंबते गोंडे नकोत. बटण दुपदरी दोऱ्याने पक्कं शिवा आणि ओढून बघा. मोठ्या भोकांची जाळी तान्ह्याला नको, बोटं अडकतात.

१०. धुणं, वाळवणं

अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवायची नाही. मी एकदा कॉलर बसवायला टेकवली, ती चकचकीत आणि मऊ लिबलिबीत होऊन पडली, पुन्हा उभी राहिली नाही. वाफ द्यायची तर लांबून, मध्ये ओलं फडकं ठेवून.

सुती क्रोशाचा कपडा ओला झाला की जड होतो. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि चटईवर किंवा पालथ्या खाटेवर आडवा वाळवा. दोरीवर, हँगरला अजिबात नको. भेट देताना हे चिठ्ठीवर लिहून कपड्यासोबत द्या, त्यात थोडा जास्तीचा धागा आणि एक बटणही.

भाच्याला दुसरा स्वेटर सुतीच विणला, पुढून उघडणारा. अगदी मापात बसला. चिठ्ठीही दिली होती. वहिनीने ती वाचली, जपून देवघराच्या खणात ठेवली आणि स्वेटर हँगरला लावून गच्चीत टाकला. सध्या तो त्याची मोठी बहीण घालते, तिला लांबीला बरोबर होतो.